माझ्या मोठ्या अल्फा लहरी

सोमवार, ३ फेब्रुवारी

निश्चय: आरुषीच्या रनआऊटचा विषय आता विज्ञानानेच संपवायचा. सेमीफायनलमध्ये सख्ख्या भाचीला आऊट दिलं म्हणून नूतनने, माझ्या धाकट्या बहिणीने, तीन आठवडे बोलणं टाकलंय. पोरीचं जिल्हा टीममधलं सिलेक्शन हुकलं म्हणे. बावीस वर्षं अंपायरिंग करतोय. मी पाहिलं म्हणजे पाहिलं! पण क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्यांना काय सांगणार?

धारवाडच्या एका कॉलेजात मेंदू आणि नजर यावर प्रयोग चालू आहे. नाव दिलं. रिपोर्टला फ्रेम करून नूतनच्या घरी नेणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी, दुपारी २

प्रयोग झाला. पद्मा नावाची पीएचडीवाली पोरगी. डोक्यावर तारांची टोपी चढवली, केसांत जेल भरला. कालच डाय केला होता. टोपी काळी झाली, हिने तोंड वाकडं केलं. सहनशक्तीच नाही या पिढीत.

काम बालवाडीचं. पडद्यावर पुसट ठिपका चमकला की बटण दाबायचं. पाचशे वेळा. मी जवळजवळ दर वेळी दाबलं. माझ्या आधी बसलेल्या श्रीहरीला म्हणे निम्मे दिसलेच नाहीत. असली माणसं गाड्या चालवतात!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पद्माचा फोन. म्हणाली, सर, तुमच्या अल्फा लहरी फारच मोठ्या आहेत, मंगळवारी याल का? येणारच! टूर्नामेंटचा सेक्रेटरी मंजुनाथ, त्याला लगेच कळवलं. तो कानडीत नुसतं ‘हौदा?’ म्हणाला, म्हणजे ‘हो का?’. जळतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पद्माने ग्राफ दाखवला. मेंदूतली ही लहर सेकंदाला दहा वेळा वरखाली होते. पुसट ठिपका चुकीच्या क्षणी आला की निसटतो. सगळ्यांचंच तसं होतं. आणि लहर फार मोठी झाली तर बऱ्याचदा डोळे उघडे असतात, पण लक्ष दुसरीकडे असतं. वर मलाच विचारते, झोप येत होती का, सर?

उद्धट.

शिवाय शंभर वेळा पडद्यावर ठिपका नव्हताच म्हणे. त्यातल्या त्र्याऐंशी वेळा मी बटण दाबलं. मी म्हणालो, ते अतिपुसट असतील. ती म्हणाली, नाही सर, तिथे काहीच नव्हतं.

मशीन स्वस्तातलं असणार.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फ्रेम रद्द. पण सुचलं! दोष माझा नाहीच, लहरीचा. चेंडू स्टंपला लागला तेव्हा लहर नेमकी खाली असेल. नूतनला हे सोपं करून सांगावं लागेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

देशपांडे नगरला नूतनकडे गेलो. दहा मिनिटं लहरी समजावल्या. नूतन शेंगा मोडत होती, मान वर केली नाही. आरुषीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मामा, चेंडू लागला तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?

मी म्हणालो, क्रीजकडे. आणखी कुठे?

ती हळूच म्हणाली, नाही मामा. तुम्ही स्क्वेअर लेगला होता, माझ्याकडे पाठ होती तुमची. तुम्ही मंजुनाथ सरांना जेवणाचं विचारत होता. अपील झालं आणि तुम्ही वळता वळता बोट वर केलंत.

रागावली असती तर बरं झालं असतं.

नूतन म्हणाली, अण्णा, चहा ठेवू? इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. मला नको म्हणावंसं वाटलं, पण ‘ठेव’ म्हणालो.

जेवणात पुलाव होता त्या दिवशी. तेवढं स्पष्ट आठवतंय.