पहिल्या घाण्याची चकली

एडिसन,
१० ऑक्टोबर २००४

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

फोन का केला नाही असं म्हणशील. फोनवर तू लगेच गप्प होतेस आणि मी एकटीच बोलत राहते, म्हणून हे कागदावर. रागाचं पत्र आहे, बसून वाच.

चैत्राली शनिवार-रविवार घरी होती. इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष, तेव्हा लेक धुवायचे कपडे घेऊन येते आणि जेवून जाते, एवढाच आमचा संबंध उरलाय. तिचा होमवर्क जेवायच्या टेबलावर पसरलेला. आमटी वाढताना सहज नजर गेली, तर पानावर माझी चकली. न्यू जर्सीतल्या कुणी मिसेस एम. दिवाळीला चकल्या करतात, त्यांची जुनी भाजणी आणि नवी भाजणी यांत कुठल्या पिठाची चकली कमी तुटते ते आकड्यांवरून ठरवा, पहिला घाणा मोजणीत धरलेला नाही, वगैरे. मिसेस एम. कोण हे मला कुणी सांगायला नको. पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तू माझ्या ओट्याशी पेन्सिल घेऊन उभी होतीस. तुकडे मोजत होतीस आणि खातही होतीस, त्यामुळे तुझ्या आकड्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

कौतुकाने चैत्रालीला विचारलं, मावशीच्या नोट्स तुमच्या कॉलेजपर्यंत पोचल्या का. ती म्हणाली, मॉम, या डॉ. लॅथमच्या नोट्स आहेत, नेटवर फुकट मिळतात, स्टॅटिस्टिक्सला सगळे ह्याच वापरतात. मी तिला पहिलं पान काढायला लावलं. लॅथमचं नाव मोठ्या अक्षरात. तुझं शेवटच्या पानावर, मुंगीएवढं, टायपिंगसाठी आभार या ओळीत.

सहा वर्षं प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी त्या नोट्सपायी घालवलीस. आमच्याकडे आलीस तरी बेसमेंटमध्ये जाऊन लिहीत बसायचीस. आणि तू टायपिस्ट? यांना दाखवलं तर म्हणाले, असेल काही ऑफिसची पद्धत. यांच्या मते सगळ्यालाच ऑफिसची पद्धत असते.

हे तुला माहीत होतं का, एवढंच कळव. माहीत असून गप्प बसली असशील तर मग तुझ्यावर रागावायला सवड काढावी लागेल.

संजीवला आशीर्वाद. लोभ आहे म्हणूनच एवढा त्रागा.

तुझी,
ताई


कॅरी,
१७ ऑक्टोबर २००४

ती. सौ. मालिनीताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसूनच वाचलं. मग आमच्या विद्यापीठाची वेबसाइट उघडली. आमची मुलं ज्या पानावरून नोट्स घेतात तेवढंच मी आजवर पाहत आले. बाहेरच्या लोकांसाठी गेल्या वर्षी वेगळं पान केलंय, ते मी कधी उघडलंच नव्हतं. तू लिहिलंस तसंच आहे, अक्षर न् अक्षर. तू विचारलंस त्याचं उत्तर, नाही, मला माहीत नव्हतं.

इतका राग आला की संजीवने चहा पुढे ठेवला तोही तसाच राहिला. पण मग मी विभागाला दिलेली मूळ फाइल उघडली आणि राग कुणावर धरायचा तेच कळेना. ताई, घोळ माझ्या हातून झालाय.

नागपूरला आम्ही एम. एस्सी.चा प्रोजेक्ट द्यायचो तेव्हा मुखपृष्ठावर मार्गदर्शकांचं नाव मधोमध आणि ठळक, आपलं खाली कोपऱ्यात. सर न वाचता सही करायचे. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. इथे पहिलं पान तयार करताना माझा हात तसाच चालला. लॅथम विभागप्रमुख. मला शिकवायला पहिला वर्ग त्यांनीच दिला, आणि संजीवची नोकरी गेली त्या वर्षी मागितल्याबरोबर दुसराही दिला. म्हणून त्यांचं नाव वर. वेबसाइट करणाऱ्याने वरचं नाव लेखकाचं समजलं आणि खालचं टाइप करणाऱ्या बाईचं समजून शेवटच्या पानावर आभारात टाकलं. इथल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

त्यांनी मार्गदर्शन काय केलं हे तू विचारशीलच. नोट्सना स्टेपल मारण्यापेक्षा क्लिप लावावी, असं एकदा सुचवलं होतं.

हे कळायलाही नेमकी हीच वेळ यावी. विभागात यंदा कायमच्या लेक्चररची जागा निघाली आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट दर सेमिस्टरला नव्याने होतं आणि दर वेळी ते होईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो, तो एकदाचा सुटला असता. अर्जासोबत स्वतः तयार केलेलं अभ्यास-साहित्य जोडायचं आहे, जानेवारीच्या आत. माझ्याकडे या नोट्सखेरीज काही नाही. त्या जोडल्या तर मी लॅथमचं काम आपलं म्हणून दाखवते असं दिसेल, आणि नाही जोडल्या तर सहा वर्षांत मी काहीच केलं नाही असं.

त्यांच्याशी बोलायला हवं. पण मीच घातलेलं नाव काढा असं कुठल्या तोंडाने म्हणू? रोजनिशीत हे दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा शेवटी मीच दोषी निघाले.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
सुमेधा


एडिसन,
२५ ऑक्टोबर २००४

चि. सुमेधास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी भांडी घासली, मग लिहायला बसले. नाहीतर जे लिहिलं असतं ते टपालखात्याने नेलं नसतं.

नाव तू घातलंस, कबूल. पाहुण्याला पाट आपणच मांडतो. म्हणून पाहुण्याने घर आपल्या नावावर करून घ्यावं का? तुझ्या त्या लॅथमला वाचता येतं ना? स्वतःचं नाव लेखक म्हणून रोज दिसतंय, मग आपण हे कधी लिहिलं असा प्रश्न त्याला एकदाही पडू नये? आणि तू मात्र रोजनिशी काढून स्वतःची उलटतपासणी घेत बसलीस. लहानपणी माझ्या हातून बरणी फुटली तरी रडायचीस तू.

आता पुढचं ऐक. चैत्रालीच्या वर्गात कुणीतरी विचारलं, पहिला घाणा मोजणीतून का वगळला. त्यांच्या प्रोफेसरबाईंना माहीत नव्हतं, तर त्यांनी थेट लॅथमला ईमेल केली. त्याचं उत्तर आलं आणि ते वर्गात वाचून दाखवलं. काय, तर सुरुवातीला तेल पुरेसं तापलेलं नसतं, म्हणून पहिल्या चकल्या भरवशाच्या नसतात.

माझं तेल तापलेलं नसतं?

तीस वर्षं मी चकल्या करते आहे. पिठाचा कण टाकून, तो वर आल्याशिवाय मी कढईत सोऱ्या फिरवत नाही. पहिला घाणा देवाचा असतो. तो बाजूला निघतो, त्याच्याकडे कुणी तुटला की फुटला म्हणून बघत नाही, हे त्याला कुठून कळणार? नसेल कळत तर माहीत नाही म्हणावं. चैत्राली हसत होती. मी तिला म्हटलं, उद्या वर्गात हात वर करून सांग की माझ्या आईचं तेल तापलेलं असतं. ती म्हणाली, मॉम, प्लीज.

तू त्याला जाऊन भेट. पत्र नको, ईमेल नको. समोर बसून विचार. आणि उगाच हसू नकोस, तुला बोलता बोलता हसायची सवय आहे.

रागावले आहे ते तुझ्यावर नाही. निदान सगळं तुझ्यावर नाही.

तुझी,
ताई


कॅरी,
७ नोव्हेंबर २००४

ती. सौ. मालिनीताईस सा. न. वि. वि.

भेटून आले. हसले नाही, एवढं तरी तुझं ऐकलं.

लॅथम छान बोलले, तेच अवघड गेलं. खुर्ची दिली, दिवाळी कधी आहे ते विचारलं. मी विषय काढला तर म्हणाले, माझं नाव वर घातलंस ती मला तुझी कृतज्ञता वाटली, आणि मनापासून आवडली होती. ब्राझीलहून, केनियाहून लोक त्यांना लिहितात, चकलीचा धडा सगळ्यांना फार आवडतो, आणि ते प्रत्येकाला आभाराचं उत्तर पाठवतात, हेही त्यांनी मला आनंदाने सांगितलं. जणू मी खूश व्हायला हवं होतं.

पहिलं पान बदलता येईल का, असं मी विचारलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की आता बदललं तर लोक विचारतील आधी काय झालं होतं, आणि ऐन अर्जाच्या वेळी ते माझ्याच बाबतीत बरं दिसणार नाही. निवड समितीत ते आहेतच, माझ्याविषयी चांगलंच लिहितील. मग अर्जाला काय जोडू, म्हटलं. म्हणाले, उत्तम शिकवतेस, तेवढं पुरे आहे.

तेलाचंही विचारलं. ते अंदाजाने लिहिलं होतं म्हणे, पण पटण्यासारखं आहे की नाही?

ताई, त्या गणिताच्या पुढच्याच पानावर मी लिहिलं आहे: पहिला घाणा का वगळला याचा अंदाज करू नका, ज्या बाईंनी वगळला त्यांना विचारा. तो सगळा धडा त्या एका वाक्यासाठी आहे. आकडे हातात आले की मुलं लगेच हिशेब सुरू करतात. कुणी मोजलं आणि काय मोजायचं सोडलं, हे विचारतच नाहीत. म्हणजे यांनी पुढचं पानसुद्धा उलटलेलं नाही.

हे त्यांना तिथल्या तिथे सुनवायला हवं होतं. मी उठले आणि थँक यू म्हणाले. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्या थँक यूचा असा काही संताप आला की किल्ली लागेना.

तरी हे आता इथेच सोडावं असं वाटतं. त्यांच्याविरुद्ध जाऊन जागा मिळणार नाही. आणि खरं सांगायचं तर, भांडायचं ते नोट्ससाठी की जागेसाठी, हेच मला नीट सांगता येत नाही. जागेसाठीच असेल तर भांडण्यात काय मोठेपणा?

फराळ फार करू नकोस, कंबर दुखते तुझी. तुमच्या सगळ्यांच्या आठवणीत,

सुमेधा


एडिसन,
१६ नोव्हेंबर २००४

चि. सुमेधास आशीर्वाद.

दिवाळी झाली. फराळाचा डबा वेगळा पाठवला आहे. चकल्या कागदात गुंडाळल्यात, पण टपालखात्याचा हात लागणार, तेव्हा तुकड्यांचा दोष भाजणीला देऊ नकोस.

आता जे सांगते त्यावर रागाव, मी ऐकून घेईन. तुझ्या विद्यापीठाचं नोट्स नेटवर ठेवणारं जे ऑफिस आहे, त्यांना मी ईमेलने पत्र पाठवलं. मजकूर माझा, इंग्रजी चैत्रालीचं. तिने मधे मधे मवाळ शब्द घातले होते ते मी काढायला लावले.

लिहिलं ते असं. मी मिसेस एम. चकल्या माझ्या, कढई माझी, आकडे माझ्या ओट्यावरचे. ते वापरायची परवानगी मी माझ्या बहिणीला दिली, कारण हे धडे ती लिहीत होती. डॉ. लॅथम यांना मी ओळखत नाही, त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. त्यांनी माझ्या तेलाविषयी लोकांना चुकीचं कळवलं आहे ते आधी दुरुस्त करावं. आणि नाव दुरुस्त करावं. नाहीतर माझ्या चकल्या काढून टाकाव्यात.

दोन दिवसांत उत्तर आलं. फार दिलगीर आहोत म्हणे, परवानगीचा उलगडा होईपर्यंत तो धडा काढून ठेवला आहे. चैत्रालीने बघितलं, खरंच नाही तिथे. तिच्या वर्गाची तर पुढच्या आठवड्यात परीक्षा.

म्हणजे लिहिणारीला कुणी विचारलं नाही, आणि तळणारी नाही म्हणाली तर ऑफिस हललं. हे यांना सांगितलं तर पहिल्यांदाच ऑफिसची पद्धत म्हणाले नाहीत.

मोठेपणाचं विचारलंस ना? जागेसाठी भांडण्यात काय वाईट आहे? जागा तुझ्या कामाचीच आहे.

आता तुला बोलावतील. थँक यू म्हणू नकोस.

तुझी,
ताई


कॅरी,
१२ डिसेंबर २००४

ती. सौ. मालिनीताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर खरोखर रागावले होते. मला न विचारता तू हे करायला नको होतंस. अजूनही तसंच वाटतं, ते लपवत नाही.

बोलावलं. ऑफिसच्या प्रमुख बाई, लॅथम आणि मी. लॅथमनी मला आधीच गाठून सांगितलं होतं की बहिणीकडून परवानगीची सही तेवढी आण, बाकीचं ते बघून घेतील. त्या बाईंनीही तेच विचारलं, सही मिळेल का. मी म्हणाले, परवानगी पाच वर्षांपूर्वीच मिळाली आहे, ती या नोट्स लिहिणाऱ्याला दिली होती, आणि लिहिणारी मी आहे. पहिल्या पानावर यांचं नाव मीच वर घातलं, आमच्याकडे तशी रीत आहे, तो माझा गैरसमज, हेही सांगितलं. तुला ते आवडणार नाही, पण खरं होतं.

बाईंनी लॅथमना विचारलं, यातला कुठला भाग तुम्ही लिहिलात. ते म्हणाले, सगळ्यावरच देखरेख होती. मग बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, तो पहिला घाणा का सोडला होता. लॅथम माझ्याकडे बघायला लागले. अशी नजर मी ओळखते, परीक्षेत मुलं शेजारच्याकडे बघतात ती. मी मान वळवून बाईंकडे बघितलं. मग लॅथमनीच सांगितलं की मला माहीत नाही, हिला विचारा.

मी सांगितलं. तेल तापलेलं असतं हेही, तुझ्या नावानिशी.

लेखक म्हणून आता माझं नाव लागणार आहे. अर्जाला नोट्स जोडल्या, शुक्रवारी अर्ज दिला. जागा मिळेल असं वाटत नाही. लॅथम समितीत आहेत, आणि कॉरिडॉरमध्ये समोर आले की हातातल्या कागदात डोकं घालतात. पुढच्या सेमिस्टरला मला दोनऐवजी एकच वर्ग दिलाय. संजीव म्हणतो, निभेल. मला भीती वाटते, पण त्या दिवशीच्या थँक यूसारखी लाज वाटत नाही.

ऑफिसने नवं पहिलं पान मागवलं होतं. ते करायला बसले त्या दिवशीच तुझा टपालात रखडलेला डबा आला. चकल्यांपैकी एकच अखंड होती, ती देवापुढे ठेवली. मग पान उघडलं, आणि ताई, बोटांनी सवयीने पहिली ओळ मोकळी सोडली, कुणातरी मोठ्यासाठी. ती ओळ मी पुसली आणि वर माझं नाव लिहिलं. खाली आभारात तुझं, मिसेस एम. नाही, पूर्ण नाव.

तुकडे सगळे मीच खाल्ले. मोजले नाहीत.

तुझ्या रागाची आणि मायेची अशीच सवय राहू दे.

तुझी,
सुमेधा