हौदात नवं पाणी आल्यावर

कारखाना वसाहत, ता. कोपरगाव
चैत्र, सन १९७४

रा. रा. साडूबुवा रंभाजीराव यांस मच्छिंद्र मास्तराचा सप्रेम नमस्कार.

कुंईऽऽ... कुंईऽऽ... धबाक! आठवतो का हा आवाज? आपल्या घोडेगावच्या शाळेमागची मोट. चाक कुरकुरत फिरायचं, मोट थारोळ्यात उलटायची, आणि कवितेतला विसावा नेमका त्या धबाक्यावर यायचा. मोटकरी तापाने पडला त्या दिवशी अख्ख्या वर्गाचं वृत्त कोसळलं होतं. (तेव्हा आपलं अरे-तुरे होतं. दोन सख्ख्या बहिणी केल्या आणि अहो-जाहो झालं. असो.) आपली गुडघेदुखी कशी आहे? कलाबाईंचा खोकला? भंडारदऱ्याची हवा मानवत असेल. तिथलं पाणी तर काय, आपलं आपणच निर्मळ राहतं. इथल्या पाण्याने मात्र माझी झोप उडवली आहे, तेच सांगायला हे पत्र.

निवृत्तीनंतर मला कारखान्याच्या पोहण्याच्या हौदाची देखरेख मिळाली, हे आपणांस ठाऊक आहेच. (मला पोहता येत नाही हे चेअरमनसाहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, तुम्हाला पोहायचं न्हाई, पान्याकडं बघायचंय." बघण्याचं काम मला जन्मभर आवडत आलं आहे.) या कामाबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, खिडकीतून हौद दिसतो. दुष्काळाच्या सालात हौद कोरडा होता, यंदा अर्धा भरला होता आणि छान निवळलाही होता. पण रविवारी पोहण्याच्या शर्यती ठरल्या, बाहेरगावचे पाहुणे यायचे, म्हणून हुकूम आला की पाटाचं पाणी घेऊन हौद काठोकाठ भरा. सुपरवायझरांनी खालच्या आवाजात बजावलं की रविवारी तळाच्या पांढऱ्या फरश्या दिसल्या नाहीत तर सोमवारी क्वार्टरची किल्ली टेबलावर ठेवायची. आमच्या साळूबाईने ते ऐकलं आणि कुंडीतली तुळस घरात आणून ठेवली. न्यायची झाल्यास हाताशी असावी म्हणून.

नवं पाणी जुन्यात मिसळलं की समतोल बिघडतो, असं शास्त्र आहे. त्यासाठी कारखान्याने एक बाटली दिली आहे. हौदाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन बाटलीतले थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाणी आंबट, त्याला चुना द्यायचा. लाल आला तर चुना जास्त. दोहोंच्या मधोमध फिका गुलाबी आला की हात आखडता घ्यायचा. मी घमेल्याने चुना टाकू लागलो. पिवळा गेला, केशरी आला, मग तो गुलाबी! रंभाजीराव, काय सांगू, शाळेतल्या पहाटेच्या कवितांमधली सगळी उषा त्या नळीत उतरली होती. थोडा आणखी उजळेल का, एवढंच बघायला अजून एक घमेलं टाकलं. मग अजून एक. नळी लालभडक झाली तेव्हा भानावर आलो.

तेवढ्यात वसाहतीतल्या बाया लंकाबाईला पुढे घालून आल्या. विहिरीला नवं पाणी लागलं की ओटी भरायची रीत, आणि ह्यांच्या लेखी हौद म्हणजे चौकोनी विहीरच. खण, नारळ, तांदूळ आणि प्रत्येकीची मूठ मूठ हळद. मी नको म्हणालो तर लंकाबाई म्हणाली, "मास्तर, भरल्या पान्याला रिकामं ठेवता व्हय? लई पाप लागंल." हळदीला चुना भेटला की कुंकू होतं हे मला ठाऊक होतं. ते हौदालाही ठाऊक असेल, हे मात्र ठाऊक नव्हतं. पाणी तांबडं झालं. लंकाबाईने कानशिलावर बोटं मोडली. "बया, पानी लाजलं!"

चुना मारायला आम्ल हवं. स्टोअरमध्ये विचारलं तर साहेब नगरला गेलेले, सहीशिवाय मिळायचं नाही. साळूबाई म्हणाली, "अहो, चिंच घाला. आमटीला चालती, ह्याला न्हाई चालायची?" बोलणं बिनतोड होतं. बायांनी घराघरांतून चिंचेचे गोळे आणले, काठावर बसून कोळ काढला आणि हौदात सोडला. पाणी तपकिरी झालं आणि वर फेस आला. आता नेमक्या याच वेळी गुळव्या छगनने तिथून जायला नको होतं. तपकिरी पाणी आणि फेस दिसल्यावर गुऱ्हाळातल्या माणसाला राहवत नाही. तो भेंडीची झाडं ठेचून घेऊन आला, त्यांचा चिकट रस हौदात ओतला आणि लांब दांड्याने ढवळू लागला.

"मास्तर, मागं सरा. मळी वर यिऊ द्या. घाई केली का पाक बिगाडतो."

"अरे छगन, पण खाली जाळ कुठे आहे?"

तो थबकला. खाली वाकून बघितलं. "मंग आदी सांगायचं न्हाई का!" म्हणाला आणि दांडा माझ्या हातात देऊन निघून गेला.

सध्याची स्थिती अशी. एका बेडकाने काठावरून उडी मारली ती आत गेलीच नाही, तो वरच बसून राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. पाण्याला थेंब लावले तर नळीला कुठला रंग धरावा तेच कळेना. साळूबाई म्हणते, आता फोडणीच द्या. आणि तरीही, रंभाजीराव, संध्याकाळी ऊन कललं की त्या सायीवर जो सोनेरी रंग चढतो तो मी जन्मात पाहिला नव्हता. फरश्या मात्र दिसत नाहीत.

घरातल्या सर्वांस यथायोग्य सांगावे.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. : हौदासाठी सल्ला विचारतो आहे असं आपणांस वाटलं असेल. तसं नाही. सोमवारच्या एस.टी.ने आम्ही उभयता आपल्याकडे कायमचे राहायला येत आहोत. सामान थोडंच आहे. कवितांच्या पुस्तकांच्या दोन ट्रंका, जातं आणि तुळस. आपल्या ओसरीवर मावेल. ओसरी नसल्यास बांधून घ्यावी.

ता. क. दुसरा : कलाबाईंना इतक्यात सांगू नये. दोघी बहिणींचं एका चुलीवर कधी जमलं नाही, हे आपण जाणताच.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तोच दाराशी टांगा थांबला. साळूबाई खिडकीतून ओरडते आहे, "अहो, आक्का आली! भावजीबी हायेत!" वाकून बघतो तर आपणच. डोक्यावर वळकटी, काखेत ट्रंक. घरमालकाने खोल्या उन्हाळी पर्यटकांना दिल्या, असं आपण टांगेवाल्यालाच सांगत आहात, ते मला इथवर ऐकू येतंय. कलाबाईंच्या हातात पोपटाचा पिंजरा आहे. पोपट आणला म्हणजे मुक्काम चार दिवसांचा नाही. तर हे पत्र आता पोस्टात टाकत नाही, बाहेर येऊन वाचून दाखवतो. तोवर पाय धुऊन घ्यावेत. हौदावर नको.