उदाहरण द्या

मंगळवार, संध्याकाळ. बेसा.

प्रोग्राम तयार होतानाच त्याला कोडमधली नावं वाचता यावीत, म्हणजे तीच स्क्रीनवर आपोआप येतील, अशी मागणी मी ज्या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो तिच्या कर्त्यांकडे केली होती. "खरं उदाहरण द्या," म्हणाले आणि मागणी बंद केली. माझ्याकडे नव्हतं.

मग प्लांटच्या कंट्रोल स्क्रीनवरची नावं हातानेच टाइप करत आलो. परवा कोडमध्ये वाफेच्या दोन पाइपलाइनींच्या नावांची अदलाबदल केली, स्क्रीनवरची नावं तशीच राहिली. आज स्क्रीनवर 'बंद' दिसणारी लाइन प्लांटचे फिटर प्रकाशभाऊ यांनी उघडली. वाफ चालूच होती. दोन्ही हात भाजले.

दवाखान्यात त्यांच्या पत्नी, वहिनी, म्हणाल्या, "भाऊ, स्क्रीननं त्यायले बंद काहून सांगतलं?"

मागणी मान्य झाली असती तर? की मीच एकदा तपासलं असतं तर?

घरी येऊन त्या बंद केलेल्या मागणीचं पान उघडलं. उदाहरण द्या. आता आहे. प्रकाशभाऊंचं नाव टाइप करायला बोटं उठत नाहीत.