न करपलेल्या चिप्स

डॅरिल,

तू मला सोडून गेलास, पण माझी सवय सुटली नव्हती. खाडीच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटांमधून तुझी बोट सुखरूप आत येईपर्यंत मी टेकडीवरच्या या हॉटेलच्या खिडकीत उभी राहायचे आणि इकडे माझ्या कढईतल्या चिप्स करपायच्या. पर्यटकांना ती इथली खासियत वाटायची.

आज समुद्र चांगलाच खवळला होता. म्हातारा मर्व्ह ताट घेऊन काउंटरवर आला. "काय गं नोलीन, चिप्स चक्क सोनेरी? बरं नाही का तुला?"

तेव्हा कुठे मी खिडकीतून खाली पाहिलं. तुझी बोट केव्हाच धक्क्याला लागली होती. तुझी नवी बायको अजून तिथेच छातीशी हात धरून उभी होती.

हुश्श! आता तिच्या करपू देत.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. गिऱ्हाइकं आलीत.

नोलीन