मिरजेच्या गाडीतलं मौन

माकणी, मार्च १९५८

वेदमूर्ती विष्णुपंत यांस, माकणीहून बब्रुवानचा दंडवत. काकूंचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, ते कळवावं. आमची खुशाली शेवटी लिहितो. आधी तुमच्या सल्ल्याचा निकाल ऐका.

चंद्राचं बाळंतपण अडल्याची मिरजेहून तार आली, तेव्हा "लेकीचं तोंड दिसेपर्यंत मौन धरा, भवानी सांभाळील, लहान गाडीत नामाला निवांतपणा मिळतो," असं तुम्हीच म्हणालात. (तुम्ही त्या गाडीत कधी बसला आहात काय?) येडशीला चढलो. समोरचा कुठला, कुणाचा, हे कळल्याशिवाय आपल्या लोकांचा जीव थाऱ्यावर येत नाही. गाडीलाही घाई नव्हती. चढावर माणसं उतरून शेतातले हरभऱ्याचे ढाळे उपटून पुन्हा चढत होती. मला विचारलं, तेव्हा मी ओठ मिटून देवाकडे बोट वर केलं. "अगं बाई, मुका हाय गरीब!" सांगोल्याच्या रुद्रम्मा नावाच्या म्हातारीनं जाहीर केलं. झालं, अख्खा डबा माझा मालक झाला. मल्लिनाथ नावाच्या अडत्यानं निदान केलं, "जन्माचा न्हाय वाटत. बायकूनं केला आसंल!" (मुका म्हणजे बहिराही, हे शास्त्र यांना कुणी शिकवलं?) रुद्रम्मानं मला धपाटे भरवले, जणू माझे हातही गेले होते. मग कपाळाला विभूती फासून, "बोल रे लेकरा, अव्वा म्हण," असा दिवसभर घोष लावला. (अव्वा म्हणजे तिकडची आई.) मी लेकरू! नाम राहिलं बाजूला, मनात अव्वाच घुमू लागली.

दिवेलागणीला सांगोला आलं. म्हातारी उतरली आणि गाठोडं बाकावरच राहिलं. नातीच्या लग्नाचं लुगडं होतं त्यात. सगळ्या डब्याला तीनदा दाखवून झालेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अव्वा, गाठोडं!"

"मुका बोलला!" असा एकच गिल्ला झाला. म्हातारी फलाटावर बसून रडली. मल्लिनाथ माझ्या पाया पडला. आणि गाडी? इंजिन पाणी पीत अर्धा तास तिथंच उभं. सावकाश उतरून, मुकाट्यानं गाठोडं देऊन, परत येऊन एक डुलकी झाली असती. एवढा शहाणा मी. पुढं मिरजेपर्यंत भवानीची क्षमा मागत, छाती धरून बसलो.

चंद्रा सुखरूप आहे. मुलगी झाली. बाळंतपणाला आधीच गेलेली आमची मंडळी, कस्तुरा, म्हणते, दिवे लागले आणि पोर सुटली. यात देवीला काय म्हणायचं होतं, ते तुमच्या पोथीत सापडलं तर बघा.

आपला,
बब्रुवान

ता. क. रुद्रम्मा चैत्री पुनवेला, भवानीला बोललेला माझ्या वाचेचा नवस फेडायला तुमच्याच घरी उतरणार आहे. (पत्ता मीच दिला. त्या अर्ध्या तासात मी फार बोललो.) मी जन्मापासून बोलतो, हे तिला कृपा करून सांगू नये.

पुन्हा ता. क. तेव्हा पुन्हा मिरजेला जाऊन, चंद्राला भेटून मीही त्याच गाडीनं येतो. सांगोल्याला रुद्रम्माची जागा धरायची आहे. उतरायला शेजारशेजारच्या खोल्या द्या. वाटेत बोलणं पुरं होणार नाही.