सोळा कर, ताई

वसमत,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार

चि. पुष्कर यास गंगूताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडी बऱ्यापैकी पडली आहे. बाबांचा खोकला उतरला, पण ऐकायला आणखी कमी येतं. देवळात आरतीला मात्र सगळ्यांच्या पुढे उभे राहतात. तुझ्या केतकीच्या लग्नासाठी मागितलेली हळद दळून, डब्यात भरून ठेवली आहे. लेकीच्या लग्नात वसमतचीच हवी, हे सुनिताचं म्हणणं मला पटलं.

फोन असताना ताईने पत्र का लिहिलं असेल, असं तुला वाटेल. फोनवर तुला मीटिंग येते. पत्राला मीटिंग येत नाही, म्हणून.

तू पाठवलेला कॉम्प्युटर पोचला. तुझ्या ऑफिसातून निवृत्त होऊन आला असला तरी आमच्याकडे तो नवाच. बाबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. तुझ्याकडून आलेली चप्पल असती तरी वाहिलं असतं. मग मी जुन्या मशीनमधला तुझा पत्रिकेचा प्रोग्रॅम त्यात चढवून घेतला. नांदेडला इंजिनिअरिंगला असताना बाबांसाठी केला होतास तोच. एवढी वर्षं मीच त्यात जन्मवेळा घालते, बाबा कागदावर सही करतात आणि लोक "विश्वंभर गुरुजींची पत्रिका" म्हणून डोळ्याला लावतात.

तर तो सुरूच होईना. "मेमरी अपुरी आहे" एवढंच म्हणायचा. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुन्नाला बोलावलं, तर तो पोट धरून हसला. "ताई, ह्या डब्यात जुन्या मशीनच्या हजारपट मेमरी हाय, अन् हा म्हनतो न्हाई! काहून असं करून राहिला हा?" तूच मग फोनवर त्याला समजावलंस. प्रोग्रॅम जुना आहे, त्याला एवढी मोठी मेमरी मोजताच येत नाही, म्हणून जुन्या मशीनचं सोंग करणारं सॉफ्टवेअर टाक आणि त्याला थोडीच मेमरी दे. मुन्नाने टाकलं. मेमरी किती, असं विचारत होतं तिथे त्याने एक घातला. प्रोग्रॅम लगेच उघडला. तोच निळा पडदा, तीच तुझी गणपतीची वेडीवाकडी आकृती. खरं सांगते, मला बरं वाटलं.

पहिली पत्रिका केतकीचीच काढली. तिच्या सासरच्या, परभणीच्या मंडळींना बाबांच्या सहीची हवी आहे ना, म्हणून. आणि सातव्या घरात मंगळ आला.

मी घाबरून तुला फोन केला. त्या दिवशी तुला मीटिंग नव्हती. तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "मेमरी किती ठेवलीय? एक? नाही नाही, सोळा कर, ताई. कमी असली की तो गावांची यादी उचलत नाही, सगळ्यांना मुंबईत जन्मलेलं धरतो." मी सोळा केले. केतकी मुंबईहून परत आपल्या आजोळी, कळमनुरीला आली, तिची कुंडली एका घराने सरकली आणि मंगळ सहाव्यात जाऊन गप्प बसला. तू सुटकेचा निःश्वास टाकलास, तो मला इथपर्यंत ऐकू आला.

मग मी सहज विचारलं, आपल्या जुन्या मशीनमध्ये मेमरी किती होती रे? तू म्हणालास, "ताई, मीटिंग आहे."

पुष्कर, तू विसरला असशील तर मी आठवण देते. तुझा प्रोग्रॅम नवा होता, तेव्हा माझं हट्टा गावच्या मास्तरांशी लग्न ठरत आलं होतं. ते दोनदा घरी येऊन गेले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा पोहे मी केले होते, आणि त्यांनी ते मागून घेतले होते. माझी पत्रिका बाबांनी मी पाळण्यात असताना हाताने मांडली होती आणि तिच्यात मंगळ नव्हता. पण मास्तरांच्या वडिलांसमोर बाबांना लेकाचं यंत्र दाखवायचं होतं. तू ऐटीत बटण दाबलंस. मंगळ आला.

बाबांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रिका मांडल्या, एकदा कुणी चूक काढली नाही. त्या दिवशी त्यांनी पुन्हा आकडेमोडसुद्धा केली नाही. म्हणाले, "माझाच हात चुकला असंल. यंत्र कशाला खोटं बोलंल?" आणि स्वतःच्या हातची माझी पत्रिका सगळ्यांदेखत फाडली. किती सच्चा माणूस, असं म्हणत मास्तरांचे वडील उठले. बाबांच्या सच्चेपणाचं पुढे गावभर कौतुक झालं. त्यानंतर जो येईल त्याला बाबा आधीच सांगायचे, पोरीला कडक मंगळ आहे. येणारे कमी झाले, मग थांबले. मास्तर मला अजून बसस्टँडवर दिसतात. बायकोची पिशवी त्यांच्या हातात असते.

तुझा फोन बंद झाल्यावर मी माझी जन्मवेळ घातली. एक ठेवून मंगळ आला, सोळा करून गेला.

एवढ्यावर मी तुला माफ केलं असतं. विशीतला पोरगा होतास, बाबांना खूश करायला गेलास, चुकलास. पण ते मोडलं त्याच वर्षीच्या दिवाळीत तू आलास, मशीन उघडलंस आणि आत एक पट्टी बसवलीस. मी विचारलं, काय रे हे? म्हणालास, "मेमरी वाढवली, पत्रिका लवकर निघतील." मी तुला चहा आणून दिला. तुझं काम होईपर्यंत बॅटरी धरून तुझ्या शेजारी उभी राहिले. तेव्हा तुला माहीत होतं. मशीन दुरुस्त केलंस आणि "ताईची पुन्हा काढून बघू" एवढं तुझ्या तोंडून निघालं नाही. मी पंचवीस वर्षांची होते, पुष्कर. मास्तरांचंही अजून कुठे जमलं नव्हतं.

का बोलला नाहीस, ते मला कळतं. बाबा सगळ्या गावाला तुझा प्रोग्रॅम दाखवत होते. शिवाय आईचं अंथरूण धरणं, बाबांचं पथ्य, देवळाचं सोवळंओवळं, हे करायला घरी कुणीतरी लागणारच होतं. तू तसं ठरवलंस असं मी म्हणत नाही. तुला ते सोयीचं पडलं, एवढंच म्हणते. आणि केतकीच्या वेळी मात्र तुला एका श्वासात सगळं आठवलं. मंगळाने खरंच काही होतं की नाही, ते मला आता माहीत नाही. नसलेल्या मंगळाने माझं काय झालं, ते तू बघितलं आहेस.

केतकीच्या बाबतीत निर्धास्त राहा. तिची पत्रिका स्वच्छ आहे, हे मी तिला स्वतः फोन करून सांगितलं. पोरगी खुशीने रडली. तिच्या वाटेत मी कधी येणार नाही.

पण परभणीच्या मंडळींना सहीचा कागद हवा आणि सही अजून झालेली नाही. बाबांनी पेन मागितलं होतं. मी म्हटलं, पुष्कर येतोय, त्याच्यासमोर करा. तेव्हापासून ते धुतलेलं धोतर नेसून बसतात.

ये. केतकीच्या कागदाखाली माझाही कागद छापून ठेवला आहे, सोळावाला. आधी तो बाबांपुढे ठेव आणि त्यांचा हात चुकला नव्हता, हे त्यांना सांग. मोठ्याने सांगावं लागेल, सगळी गल्ली ऐकेल. "प्रोग्रॅममध्ये थोडी अडचण होती" असं म्हणू नकोस. तुला कधीपासून माहीत होतं, तेही सांग. ते काय करतील मला ठाऊक नाही. मी मध्ये पडणार नाही. त्यानंतरही त्यांनी पेन मागितलं, तर ते केतकीच्या कागदावर सही करतील.

तुझी बहीण, जिला मंगळ नव्हता,
गंगू