समोर कोणी नाही

प्रिय धाकट्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहायला बसले आहे. मध्येच सोडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

लहानपणी टीव्हीवर ती अंतराळयानाची मालिका लागायची, आठवतं? त्यातला डॉक्टर रोग्याच्या अंगावरून एक डबी फिरवायचा आणि त्याला सगळं कळायचं. तू आईची साबणाची डबी पळवून घरभर तपासण्या करत सुटायचास. आजोबांच्या पोटात तुला दोन बेडूक सापडले होते, आणि तेही बिचारे दिवसभर पोट धरून बसले होते. आता आमच्या कंपनीत खरंच तसं यंत्र तयार होतंय. तळहातात मावतं. छातीसमोर धरलं की ठोके, श्वास, सगळं पडद्यावर उमटतं. बाजारात जाण्याआधी ते तपासून बघायचं काम माझ्याकडे आहे. समोर माणूसच नसेल तर त्यावर एवढंच येतं: ‘समोर कोणी नाही’.

दोन महिन्यांपूर्वी मी ते आमच्या स्टोअरकीपरकाकांसमोर धरलं. चांगले धडधाकट, खोकी उचलणारे गृहस्थ. पडद्यावर आलं, ‘समोर कोणी नाही’. बॅटरी बदलली, दुसरं यंत्र आणलं, तरी तेच. काका म्हणाले, “घरी बायकोही हेच म्हणते.” आम्ही पोट धरून हसलो. पाचव्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

इंजिनियरांनी ती दोन्ही यंत्रं उघडून पाहिली. काही दोष नव्हता. योगायोग म्हणून सगळे गप्प बसले, मीही बसले. खरं सांगू, त्यानंतर कोणासमोर यंत्र धरताना मी आधी डोळे मिटून घ्यायचे.

मग गेल्या महिन्यात पॅकिंगमधल्या ताईंच्या बाबतीत तसंच झालं. त्या माझ्यासमोर उभ्या होत्या, त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता, आणि यंत्राच्या लेखी तिथे कोणीच नव्हतं. या वेळी मी गप्प बसले नाही. त्या कुरकुरत होत्या, मला काही होत नाही म्हणत होत्या, तरी तिसऱ्या दिवशी त्यांना ओढतच हॉस्पिटलात नेलं. हृदयाची मुख्य नस जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. ऑपरेशननंतर मी त्यांना भेटायला गेले तेव्हा यंत्र पर्समध्येच होतं. धरलं. बहात्तर ठोके. मी तिथेच रडले, आणि त्याच मला पाणी देत बसल्या.

आता ऐक. रविवारी तू आलास, जेवलास आणि खुर्चीतच झोपलास. तुझं घोरणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. मी सहज, अगदी सहज यंत्र तुझ्या छातीसमोर धरलं. मग पुन्हा धरलं. चार वेळा धरलं. तू उठून काय करतेस म्हणून विचारलंस, तेव्हा बॅटरी संपली म्हणाले. ते खोटं होतं. पॅकिंगमधल्या ताईंच्याच डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतली आहे. हे पत्र कंपनीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, म्हणजे आजच मिळेल. उद्या आठला मी गाडी घेऊन येते. जिने उतरू नकोस, मी वर येईन. आणि आज घरात एकटा राहू नकोस, शेजाऱ्यांना बोलावून घे. माझं हसं झालं तर जन्मभर चिडव, मला चालेल.

तुझीच,
ताई